तिसरी दांडी

मोडी कागदातली रक्कम वाचताना आकड्याइतक्याच त्याच्या शेजारच्या उभ्या दांड्या महत्त्वाच्या असतात. एक दांडी म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. बारापुढे तीन दांड्या असल्या तर रक्कम पावणेतेरा. आता असा एखादा कागद स्कॅन झाला आहे असे धरू. कागद पिवळा पडलेला, कडेला पाण्याचा डाग, मागच्या बाजूची शाई पुढे उमटलेली आणि सगळ्या पानभर कसरीच्या भोकांचे नि धुळीचे ठिपके. फोटोशॉपमध्ये ‘डस्ट अँड स्क्रॅचेस’ नावाचा फिल्टर आहे. त्यात रेडियस आणि थ्रेशोल्ड असे दोनच आकडे द्यायचे असतात. रेडियस वाढवला की ठिपके भराभर पुसले जातात, पान स्वच्छ होते आणि डोळ्याला बरे वाटते. पण फिल्टरला धूळ कुठली नि शाई कुठली हे कळत नाही. आजूबाजूच्या रंगापेक्षा वेगळे आणि ठरलेल्या मापापेक्षा बारीक असे जे काही सापडेल ते तो आजूबाजूच्या रंगात मिसळून टाकतो. अनुस्वार जातो. बोरू कोरडा पडत आला असताना ओढलेली, मुळातच फिकट असलेली तिसरी दांडीही जाते. पावणेतेराचे साडेबारा होतात, आणि पान मात्र पूर्वीपेक्षा जास्त विश्वासार्ह दिसू लागते.

फिल्टर वापरू नये असे मला म्हणायचे नाही. जे अक्षर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही ते फिल्टरमुळे दिसते, आणि कित्येक कागद त्यावाचून वाचताच येणार नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे, की फिल्टर लावून वाचलेल्या प्रत्येक अक्षराच्या पुराव्यात त्या फिल्टरचे आकडेही मोडतात. ते आकडे हरवले तर चित्र उरते, पण चित्राची साक्ष तपासता येत नाही. फिल्टरची सेटिंग साठवून ठेवणे ही एरवी वेळ वाचवण्याची सोय मानली जाते. छायाचित्रांचे, जुन्या कागदांचे, कुटुंबांच्या अल्बमचे काम करणाऱ्यांनी तिच्याकडे नोंदवहीसारखे पाहायला हवे. आणि प्लगइन, म्हणजे फिल्टर पुरवणारा प्रोग्रामचा जोडतुकडा, बिघडल्यावर तो दुरुस्त करण्याची आपली रूढ पद्धत नेमकी याच नोंदवहीच्या मुळावर येते, म्हणून दुरुस्ती आणि साठवण या दोन गोष्टींचा विचार एकत्रच करावा लागतो.

पुण्यात हे म्हणणे नवे वाटू नये. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढले तेव्हा मूळ कागद जसाच्या तसा वाचकापुढे ठेवण्यावर त्यांचा भर होता. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने तीच शिस्त पुढे चालवली. पण मला सगळ्यात जवळचे उदाहरण वाटते ते भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे. १९१९ मध्ये काम सुरू झाले, १९६६ मध्ये पुरे झाले, एकूण १९ खंड, आणि त्यासाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली. या खंडांचे कुठलेही पान उघडले तरी वर संहितेच्या थोड्याच ओळी असतात आणि खाली बारीक टायपात पाठभेदांची दाट वीण असते. कुठल्या हस्तलिखितात कुठला शब्द आहे, संपादकाने कुठला घेतला, कुठला सोडला, हे सगळे त्याच पानावर. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, जिथे निवडलेल्या पाठाबद्दल संपादकाची पूर्ण खात्री नाही तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ छापलेली आहे. विष्णु सीताराम सुखटणकरांसारखा अधिकारी संपादकही वाचकाला सांगतो, की हा माझा निर्णय आहे, तो मी कशावरून घेतला ते खाली पाहा, आणि इथे माझे मन पुरते बसलेले नाही. फिल्टर लावलेले चित्रही एक निर्णयच असते. मूळ स्कॅन ही पोथी, फिल्टर हा संपादक. त्याने काय गाळले आणि काय ठेवले याची तळटीप म्हणजे सेटिंगचे ते चारदोन आकडे.

ही तळटीप सध्या असते कुठे? बहुतेक वेळा चित्रासोबत नसतेच. ती प्रोग्रामच्या पोटात असते. गिंप या चित्रसंपादनाच्या प्रोग्राममध्ये फिल्टरच्या चौकटीत वरच प्रीसेटची, म्हणजे साठवलेल्या सेटिंग्जची, यादी असते. शेजारचे अधिकचे चिन्ह दाबून आपण नाव देऊन सेटिंग साठवू शकतो, आणि नाव दिले नाही तरी अलीकडे वापरलेली सेटिंग्ज तारीख-वेळेसकट त्या यादीत आपोआप जमा होतात. ही फार चांगली सोय आहे. पण त्या साऱ्या नोंदी संगणकावरच्या वापरकर्त्याच्या एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये राहतात. चित्र पेनड्राइव्हवर घालून दुसरीकडे नेले तर त्या मागेच राहतात. फोटोशॉपचे ॲक्शन, म्हणजे नोंदवून ठेवलेल्या कृती, पॅनेलमध्ये दिसतात खरे, पण ते वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवले नसतील तर प्रोग्रामच्या सेटिंग्जवर अवलंबून असतात. बाहेरून घेतलेले प्लगइन आपापले प्रीसेट आपापल्या ठिकाणी ठेवतात, आणि ते ठिकाण शोधून काढणे हेच एक काम होऊन बसते. म्हणजे आकडे आहेत, पण ज्या चित्राबद्दल ते बोलतात त्या चित्रापासून तुटलेले. भांडारकरच्या खंडातली संहिता एका ग्रंथालयात आणि पाठभेद दुसऱ्याच गावच्या कपाटात ठेवले असते तर जे झाले असते तेच इथे होते.

बिघाडाची गोष्ट इथूनच सुरू होते. प्लगइन चालेनासा झाला की दोन सल्ले हमखास मिळतात. प्रेफरन्सेस रीसेट करा, नाहीतर प्रोग्राम काढून पुन्हा टाका. दोन्ही सल्ले अनेकदा लागू पडतात, म्हणूनच ते रूढ झाले आहेत. फोटोशॉप सुरू होत असताना आल्ट, कंट्रोल आणि शिफ्ट एकदम धरले की सेटिंग्जची फाइल पुसायची का असा प्रश्न येतो. घाईत असलेला माणूस ‘हो’ म्हणतो. प्रोग्राम ताजातवाना उघडतो, प्लगइनही कदाचित चालू लागतो. आणि फाइलमध्ये न काढलेले ॲक्शन, जमवलेली मांडणी, शॉर्टकट यांतले काय काय गेले ते पुढच्या आठवड्यात केव्हातरी लक्षात येते. तापावर उपाय म्हणून घरातली जुनी औषधांची वहीच जाळावी तसा हा प्रकार आहे. ताप उतरतो, पण मागच्या वेळी कशाने उतरला होता हे सांगणारे काही उरत नाही. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी सेटिंग्जचे फोल्डर जसेच्या तसे दुसरीकडे उतरवून घ्यावे, हा पहिला नियम.

आणि दुसरे असे, की बहुसंख्य तक्रारींना रीसेटची गरजच नसते. ‘फिल्टर ग्रे झालाय’ ही छपाईच्या जगातली सगळ्यात नेहमीची तक्रार घेतली तर तिचे कारण बहुतेकदा प्लगइनमध्ये नसून चित्रात असते. अप्पा बळवंत चौकापासून नारायण, सदाशिव पेठांपर्यंत पसरलेल्या पुण्याच्या पुस्तकी आणि छपाईच्या व्यवसायात चित्र शेवटी ऑफसेटवर जायचे असते, त्यामुळे ते लवकरच सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांचे, करून ठेवण्याची हाताला सवय असते. पण फोटोशॉपचे कित्येक फिल्टर सीएमवायके चित्रावर चालतच नाहीत. संपूर्ण फिल्टर गॅलरी त्यात आली. रेषाचित्र किंवा जुने हस्ताक्षर बिटमॅप मोडमध्ये स्कॅन केलेले असेल तर फिल्टर मिळतच नाहीत, आणि सोळा बिटांच्या चित्रावर काही जुने प्लगइन गप्प बसतात. मेनूत जाऊन चित्राचा मोड पाहायला दोन सेकंद लागतात. ते न पाहता प्रोग्राम काढून पुन्हा टाकण्यात अर्धा दिवस जातो, आणि पुन्हा टाकल्यावरही फिल्टर ग्रे तो ग्रेच राहतो, कारण चित्र बदललेलेच नसते.

मोड बरोबर आहे, तरी प्रोग्राम उघडतानाच कोसळतो, असे असेल तर आधी दोष प्रोग्रामचा की पाहुण्यांचा हे वेगळे करावे. फोटोशॉप सुरू होताना नुसती शिफ्ट धरली तर बाहेरचे प्लगइन न घेता उघडायचे का असे तो विचारतो. तसे उघडून सुरळीत चालला तर दोष प्लगइनांपैकी कुणाचा तरी आहे हे नक्की झाले, आणि अजून काहीही पुसलेले नाही. मग निम्मे प्लगइन बाजूला काढून पाहायचे. त्रास थांबला तर चोर बाजूला काढलेल्यांत, नाही तर उरलेल्यांत. पुन्हा त्यांतले निम्मे. बत्तीस प्लगइन असले तरी पाच फेऱ्यांत नेमका एक हाती लागतो. बाजूला काढण्यासाठी फाइल पुसायचीही गरज नाही. फोल्डरच्या नावाआधी नागमोडी टिल्डचे चिन्ह लावले की फोटोशॉप तो फोल्डर ओलांडून पुढे जातो, चिन्ह काढले की पुन्हा घेतो. महाभारताच्या पानावरची नागमोडी रेघ आणि फोल्डरच्या नावापुढचे हे नागमोडी चिन्ह यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी दोन्ही ठिकाणी संशयिताला हाकलून न देता त्याच्यावर फक्त खूण केलेली असते, हे साम्य मला फार आवडते. प्रत्येक फेरीला एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते लिहावे, एवढे पाळले तर दुरुस्तीचा शेवट ‘कशाने तरी झाले’ असा होत नाही. दोष नेमका कुठे होता ते कळते, आणि ते कळले तरच पुढच्या वेळी उपयोगी पडते.

यावर कुणी म्हणेल, की एवढी उस्तवार करायची तर मग चांगला, नामांकित प्लगइन विकत घ्यावा आणि निर्धास्त राहावे. इतिहास तसे सांगत नाही. निक सॉफ्टवेअरचे फिल्टर छायाचित्रकारांत फार आदराने वापरले जात. २०१२ मध्ये ती कंपनी गूगलने घेतली, मार्च २०१६ मध्ये संपूर्ण संच फुकट केला, २०१७ मध्ये आता नवे काही करणार नाही असे जाहीर केले, आणि त्याच वर्षी तो संच डीएक्सओकडे गेला. पाच वर्षांत मालक दोनदा बदलले, किंमत शून्यावर आली आणि पुढे पुन्हा वर गेली. हा संच निदान जगला. ३२ बिटांसाठी लिहिलेले कित्येक प्लगइन ६४ बिटांच्या प्रोग्रामात चालेनासे झाले. विंडोजवर फोटोशॉप ६४ बिटांत आले ते २००८ च्या सीएस४ पासून, आणि ॲपलने २०१९ मध्ये ३२ बिटांचे प्रोग्राम चालवणे सरसकट बंद केले. ज्यांचे लेखक तोवर दुसऱ्या कामाला लागले होते त्यांचे फिल्टर तिथेच थांबले. मोफत आणि खुला असलेला गिंपही याला अपवाद नाही. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली, आणि २.१० साठी पायथनमध्ये लिहिलेले जुने प्लगइन त्यात तसेच्या तसे चालत नाहीत. त्या प्लगइनांची पायथन २ ही भाषाच २०२० मध्ये निवृत्त झाली होती.

साधन बदलल्याने होणारे असे नुकसान पुण्याला आणखी एका वाटेने ठाऊक आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम अशा पुण्यातच घडलेल्या साधनांवर टाइप होत असे. श्रीलिपी मॉड्युलर इन्फोटेकची, आयएसएम सी-डॅकचे. त्यांनी मराठी डीटीपीला पाय दिले, हे ऋण मोठे आहे. पण त्या काळची अक्षरे फॉन्टच्या स्वतःच्या संकेतात साठलेली असत. फॉन्ट नसेल तर फाइल उघडते, शब्द मात्र रोमन चिन्हांची खिचडी होऊन समोर येतात. कित्येक दिवाळी अंकांचा, स्मरणिकांचा, पुस्तकांचा मजकूर असा अडकून पडला होता आणि तो सोडवायला वेगळे रूपांतरक लिहावे लागले. त्या प्रसंगातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मजकूर ज्या साधनाने लिहिला त्या साधनावाचून वाचता येत असेल, तरच तो टिकतो. फिल्टरच्या सेटिंगला हेच लागू आहे. लाइटरूम या फोटो संपादनाच्या प्रोग्रामने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या प्रीसेटचा साचा बदलून एक्सएमपी केला. ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते, आणि एक्स्पोजर, कॉन्ट्रास्ट, क्लॅरिटी यांच्यापुढचे आकडे माणसाला वाचता येतात. उद्या लाइटरूम नसले तरी त्या आकड्यांवरून काय केले होते याचा माग लागतो. ज्या प्लगइनची सेटिंग फक्त त्यालाच कळणाऱ्या भाषेत बंद असते, तिची जुनी फॉन्टबद्ध फाइल व्हायला वेळ लागत नाही.

आता खरा आक्षेप. चांगले कारागीर म्हणतात, की साठवलेली सेटिंग दुसऱ्या चित्राला कधी लागू पडतच नाही. प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा, कागद वेगळा. डोळ्याने पाहून हाताने ओढायचे असते, आकडे जपून काय मिळणार? आक्षेपाचा पहिला भाग पूर्ण खरा आहे, आणि तो किती खरा आहे हे आकड्यांतूनच दिसते. ‘अनशार्प मास्क’ घेऊ. डार्करूममध्ये निगेटिव्हची एक अस्पष्ट प्रत तिच्यावर बसवून कडा उठवण्याची जी जुनी युक्ती होती तिचे नाव आजही फिल्टरला आहे, आणि त्यातला रेडियस पिक्सेलमध्ये मोजला जातो. ३०० डीपीआयच्या स्कॅनवर दोन पिक्सेलचा रेडियस म्हणजे कागदावर साधारण ०.१७ मिलिमीटर. तोच कागद ६०० वर स्कॅन केला तर तेच दोन पिक्सेल ०.०८५ मिलिमीटर होतात. एकाच सेटिंगने पहिल्या स्कॅनमधली वेलांटी ठसठशीत होईल आणि दुसऱ्यात फारसा फरकही दिसणार नाही. पण यावरून सेटिंग निरुपयोगी ठरते का? मला उलट वाटते. नुसता रेडियस साठवणे निरुपयोगी आहे, रेडियस आणि स्कॅनचे माप मिळून साठवणे मोलाचे आहे. ज्याच्याकडे दोन्ही आहेत तो दुसऱ्या कागदावर कुठून सुरुवात करायची हे जाणतो, आणि पहिल्या कागदावर काय घडले हे सांगू शकतो. डोळा आणि हात यांचे महत्त्व यात कमी होत नाही. गोड्या मसाल्याचे प्रमाण लिहून ठेवणारी बाईही धणे हुंगून पाहतेच, आणि ते जुने आहेत असे वाटले तर प्रमाण बदलते. लिहिलेले असते म्हणूनच तिला किती बदलले ते कळते.

आकड्यासोबत प्रोग्रामची आवृत्तीही लागते, हे फोटोशॉपसोबत येणाऱ्या कॅमेरा रॉने फार प्रामाणिकपणे मान्य केले आहे. त्यात २००३, २०१०, २०१२ अशा ‘प्रोसेस व्हर्जन’ आहेत. २०१२ च्या पद्धतीत जुने फिल लाइट आणि रिकव्हरी हे स्लायडर गेले, त्यांच्या जागी शॅडोज आणि हायलाइट्स आले. जुने चित्र उघडले तर प्रोग्राम ते आपोआप नव्या पद्धतीने रंगवत नाही. जुन्या पद्धतीनेच दाखवतो आणि बदलायचे असेल तर तुम्ही बदला म्हणतो. म्हणजे तीस हा आकडा स्वतःहून काही सांगत नाही. कुठल्या वर्षीच्या कुठल्या फिल्टरचा तीस, हे कळले तर तो बोलतो. शिवकालीन होन आणि नंतरचा रुपया दोन्हींचे ‘दहा’ सारखेच लिहिले जातात, तसेच हे.

दुसरा आक्षेप धंद्याचा आहे आणि तो हलका नाही. लग्नाच्या हंगामात स्टुडिओवाल्याच्या टेबलावर एका समारंभाचे हजारो फोटो असतात. ग्राहकाला अल्बम हवा असतो, तळटीप नको असते. पैसे आले की काम संपले, नोंदी ठेवायच्या कुणासाठी? पण हजारो फोटो आहेत म्हणूनच तर सेटिंग साठवावी लागते. हळदीच्या फोटोंत नवरीचा रंग एका पानावर केशरी आणि दुसऱ्यावर फिकट दिसला तर अल्बम डोळ्याला बोचतो. हे टाळायला प्रत्येक स्टुडिओत प्रीसेट असतातच. प्रश्न फक्त त्यांच्या नावांचा आणि जागेचा. ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘फायनल’, ‘खरी फायनल’ ही नावे आठवडाभर पुरतात. त्या संगणकावर बसणारा मुलगा दुसरीकडे कामाला गेला की ती मुकी होतात. आणि काम संपलेले नसते. घरातले माणूस गेले की कुटुंब त्याचा एक चांगला फोटो मोठा करून मागायला येते, दहा-पंधरा वर्षांनी येते, आणि जो फोटो भिंतीवर लावला होता तोच, त्याच रंगाचा हवा असतो. त्या वेळी ‘हॉल-पिवळा उजेड-त्वचा मऊ कमी’ अशा नावाची एक छोटी फाइल मूळ फोटोशेजारी सापडली तर पाच मिनिटांचे काम. नाही तर पुन्हा अंदाज, आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसायच्या की ठेवायच्या हा निर्णय त्या माणसाला कधी न पाहिलेल्या कुणीतरी घ्यायचा.

एका विद्याशाखेने हा प्रश्न शांतपणे सोडवून दाखवला आहे, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या पुरातत्त्वाच्या मोठ्या केंद्राला ती परकी नाही. शैलचित्रांचा अभ्यास करणारे डीस्ट्रेच नावाचा प्लगइन वापरतात. जॉन हार्मन यांनी तो इमेजजे या मोफत प्रोग्रामसाठी लिहिला. इमेजजे हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत घडलेला प्रोग्राम, मुळात जीववैद्यकीय संशोधनातल्या चित्रांसाठी. डीस्ट्रेचची मूळ गणिती रीत उपग्रहचित्रांच्या अभ्यासातून आलेली. खडकावर जो गेरू डोळ्याला दिसतच नाही, तो रंगांमधला फरक ताणून ही रीत उठवून दाखवते. जिथे नुसता करडा दगड होता तिथे बैल, माणूस, हाताचा ठसा समोर येतो. ते रंग खोटे असतात, हे वापरणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. म्हणूनच चित्राखाली वायबीआर, एलआरई, वायडीएस यांपैकी कुठला रंगावकाश वापरला हे लिहिण्याची रीत पडली आहे. त्या तीन अक्षरांमुळे दुसरा अभ्यासक मूळ फोटो घेऊन तेच करून पाहू शकतो, आणि त्याला बैल दिसला नाही तर वाद घालू शकतो. वाद घालता येतो म्हणून ते ज्ञान आहे. मोडी कागदांच्या, ताम्रपटांच्या, जुन्या निगेटिव्हच्या फोटोंना हीच तीन अक्षरांची सवय का लागू नये?

तिसरा आक्षेप सगळ्यात ताजा आहे. आता एक बटण दाबले की फाटका, डागाळलेला फोटो आपोआप नीट होतो, यंत्र शिकलेले असते, स्लायडरच उरत नाहीत, मग सेटिंग कसली साठवायची? मला हा प्रकार जपणुकीच्या कामात सर्वांत धोक्याचा वाटतो, आणि धोका तो वाईट दिसतो यात नाही, चांगला दिसतो यात आहे. जुना फिल्टर गाळतो. शिकलेले यंत्र भरते. आजोबांच्या फोटोत डोळ्यावर बुरशी आली असेल तर ते तिथे एक सुरेख डोळा ठेवते, जो हजारो दुसऱ्या डोळ्यांवरून घडलेला असतो. तोच फोटो पुढच्या आवृत्तीत टाकला तर डोळा वेगळा येऊ शकतो. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे, त्यामुळे इथल्या सिनेमाप्रेमींना याचा एक धडा माहीत असतो. फिल्मचे दाणे हा बिघाड नव्हे, प्रतिमा त्या दाण्यांचीच बनलेली असते. गोंगाट घालवणारा फिल्टर जोरात चालवला की दाणे जातात, आणि त्यांच्याबरोबर चेहऱ्याचा पोतही जाऊन तो मेणासारखा गुळगुळीत दिसू लागतो. म्हणून कच्चा स्कॅन हात न लावता वेगळा ठेवायचा आणि दुरुस्ती नेहमी प्रतीवर करायची, ही जतनाच्या कामातली पहिली अट मानली जाते. एका बटणाचे साधन वापरायचेच असेल तर ही अट दुप्पट कडक हवी, आणि साधनाचे नाव, आवृत्ती, तारीख लिहिल्याशिवाय तो फोटो कुणाच्या हाती देऊ नये. आकडेच नसतील तर निदान कुणी केले हे तरी कळायला हवे.

राहिला प्रश्न हे सगळे करायचे कसे, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. फोटोशॉपमध्ये थर स्मार्ट ऑब्जेक्ट केला की फिल्टर त्याच्या खाली ओळीने दिसत राहतात, दोनदा टिचकी मारून आकडे पुन्हा पाहता आणि बदलता येतात. ही सोय २००७ च्या सीएस३ पासून आहे. गिंपच्या ३.० मध्येही आता फिल्टर थराशीच जोडलेले राहू शकतात आणि गिंपच्या फाइलसोबत साठतात. याशिवाय फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये हिस्टरी लॉग नावाची एक चौकट आहे. ती चालू करून ‘तपशीलवार’ निवडले तर कुठल्या फिल्टरला कुठले आकडे दिले याची जंत्री आपोआप लिहिली जाते, चित्राच्या मेटाडेटात, वेगळ्या मजकूर-फाइलमध्ये किंवा दोन्हीकडे. मुळात ही चौकट बंद असते, आणि म्हणून वर्षानुवर्षे फोटोशॉपवर हात चालवणाऱ्या अनेकांना ती असल्याचे माहीत नसते. जुने कागद किंवा निगेटिव्ह स्कॅन करणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती पाच माणसांची असो, संगणक बसवतानाच ती चालू करून ठेवावी. नुसत्या मेटाडेटावर मात्र विसंबू नये. चित्र वेबसाठी लहान करून काढले किंवा व्हॉट्सॲपवरून पाठवले की मेटाडेटा बहुतेक वाटेतच गळतो. म्हणून मजकुराची फाइल वेगळीही हवी, चित्राच्याच नावाची आणि त्याच फोल्डरमध्ये. त्यात मूळ स्कॅन कुठे आहे, किती मापाने केला, कुठला रंग-चॅनेल घेतला, कुठला फिल्टर, कुठली आवृत्ती, कुठले आकडे, आणि शेवटी एक ओळ हाताने लिहिलेली: बारापुढची तिसरी दांडी मूळ स्कॅनमध्ये दिसते, फिल्टरनंतर दिसत नाही.